बोटीवरचं जेवण : ठरल्या वेळी की हव्या त्या वेळी?

क्रूझचं बुकिंग करताना तारीख, केबिन आणि भाडं यांवर घरात चार-चार दिवस खल होतो. रात्रीचं जेवण रोज ठरल्या वेळी हवं की हव्या त्या वेळी, या रकान्यात मात्र एजंट किंवा घरातला कॉलेजकुमार परस्पर खूण करून टाकतो. आजी-आजोबा, लेक-सून, शाळकरी नातवंडं असं सहा-आठ जणांचं कुटुंब निघालं असेल तर ही खूण महागात पडू शकते. कधी पैशांत, कधी रोज संध्याकाळच्या चिडचिडीत.

वालचंदनगरच्या माणसाला बोट तशी परकी नाही. ज्यांच्या नावाने हे गाव वसलं त्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘एस. एस. लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इथल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स बनवले आहेत. मुंबईत बॅलार्ड पिअरला ज्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं, तिथून सिंदिया हाऊस पायी जाण्याइतकं जवळ आहे. मात्र पाहुणे म्हणून क्रूझच्या बोटीवर चढायचं तर आधी तिथल्या जेवणाची पद्धत समजून घ्यायला हवी.

दोन पद्धती, आणि तिसरी सुटका

मोठ्या बोटीवरच्या मुख्य रेस्टॉरंटमध्ये सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत. म्हणून लग्नघरासारख्या दोन पंगती बसतात. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. कंपनीगणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. ठरल्या वेळेचा पर्याय घेतला की रोज तीच पंगत, तेच टेबल आणि तोच वेटर. रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रमही बऱ्याच बोटींवर याच हिशेबाने दोनदा होतो. पहिली पंगत जेवत असताना दुसरी कार्यक्रम बघते, मग उलट.

हव्या त्या वेळेच्या पर्यायात संध्याकाळी तीन-चार तासांची मुभा असते. त्यात कधीही जा, रिकामं टेबल मिळेल तिथे बसा. गर्दीच्या वेळी दारात थांबावं लागतं, म्हणून अनेक कंपन्या अ‍ॅपवर वेळ राखून ठेवायची सोय देतात. वेटर रोज वेगळा असू शकतो. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर दोन्ही पर्याय आहेत. नॉर्वेजियन कंपनीने 2000 साली ठरलेल्या पंगतीच काढून टाकल्या आणि त्याचीच जाहिरात केली. डिस्नेच्या बोटींवर उलटा प्रकार : वेळ ठरलेली, रेस्टॉरंट रोज वेगळं, पण वेटर मात्र तुमच्याबरोबरच फिरतात. लहान मुलांच्या कुटुंबांना ही पद्धत फार मानवते.

तिसरी सोय बुफेची. तो भाड्यातच धरलेला असतो आणि त्याला पंगतीचं बंधन नाही. एखाद्या रात्री ठरलेल्या टेबलावर गेला नाहीत तर दंड बसत नाही. सरळ बुफेत जेवा. आदल्या रात्री वेटरला सांगून ठेवलं म्हणजे झालं. ठरल्या वेळेचा पर्याय घेतला की आपण बांधले गेलो, ही भीती म्हणूनच खोटी आहे.

पैसे नेमके कुठे लागतात?

पंगत कुठलीही घ्या, भाडं सहसा तेच राहतं. मुख्य रेस्टॉरंट आणि बुफे दोन्ही त्यात आले. मुंबईहून 2021 पासून जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वरही मुख्य रेस्टॉरंट आणि फूड कोर्ट भाड्यात आहेत; खास रेस्टॉरंटचे पैसे वेगळे. खर्च वाढतो तो पुढच्या चार ठिकाणी. उदाहरणासाठी सिंगापूरहून चार रात्रींची सहल घेऊ. चार मोठे, दोन मुलं, आणि हिशेबाला सोपा म्हणून डॉलर 90 रुपयांचा.

पहिली टिप. बहुतेक परदेशी कंपन्या ती माणशी, दररोज, आपोआप लावतात. रॉयल कॅरिबियनचा साध्या केबिनचा दर 2024 च्या अखेरीपासून 18.50 डॉलर आहे आणि मुलांनाही तोच. सहा जणांचे चार दिवसांचे 444 डॉलर, म्हणजे 39,960 रुपये. हा आकडा जाहिरातीतल्या भाड्यात दिसत नाही. पंगत ठरलेली घेतली म्हणून तो कमी होत नाही. फरक इतकाच की हव्या त्या वेळेचा पर्याय घेणाऱ्यांकडून काही कंपन्या टिप आगाऊ मागतात. आगाऊ देण्यात एक फायदाही आहे. भारतातल्या एजंटकडे रुपयांत भरली तर बोटीवर डॉलरमध्ये कार्ड घासावं लागत नाही. कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल तर एवढ्या रकमेवर सुमारे 1,400 रुपये वाचतात, वर त्यावरचा जीएसटी.

दुसरं खास रेस्टॉरंट. जपानी, इटालियन किंवा अशाच एका जेवणाला मोठ्या माणसाचे 50 डॉलर धरा. चौघांचे 200, त्यावर 18 टक्के टिप म्हणजे 236 डॉलर. रुपयांत 21,240, तेही एका रात्रीचे आणि मुलांचे पैसे सोडून. भुकेली मुलं, दारात रांग आणि समोर रिकामं खास रेस्टॉरंट असा योग हव्या त्या वेळेच्या पर्यायात हटकून येतो. ‘चल, आज इथेच बसू’ हे चार शब्द क्रूझवरचे सगळ्यात महाग शब्द आहेत.

तिसरं केबिनमध्ये मागवलेलं खाणं. रॉयल कॅरिबियनवर सकाळचा साधा नाश्ता फुकट. एरवी प्रत्येक ऑर्डरला 7.95 डॉलर आणि त्यावर 18 टक्के, म्हणजे सुमारे 845 रुपये. रात्री साडेदहाला मुलाने सँडविच मागितलं की हे पैसे पडतात. त्यापेक्षा बुफे किंवा पिझ्झाचा काउंटर कितीपर्यंत उघडा असतो ते पहिल्याच दिवशी बघून ठेवावं.

चौथं पेयं. बुफेतलं साधं पाणी, चहा, साधी कॉफी भाड्यात येते. बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, ताजा रस, मशीनची खास कॉफी यांचं बिल होतं. पेयांचं पॅकेज घेण्याआधी माणशी रोज किती ग्लास पोटात जाणार याचा प्रामाणिक हिशेब करा. चहावर जगणाऱ्या घराला ते परवडत नाही.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केला जाणारा आयकर, घेतो. तो खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर बुकिंग असेल त्याला विवरणपत्रात ती रक्कम वळती करून मिळते. म्हणून बुकिंग विवरणपत्र भरणाऱ्याच्याच नावे करावं.

सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांसाठी

बारामती-इंदापूर पट्ट्यात जैन कुटुंबं बरीच. कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेलं जेवण आता मुंबईहून जाणाऱ्या बोटींवर सहज मिळतं आणि सिंगापूरहून जाणाऱ्या बोटींवरही आधी कळवलं तर मिळतं. अडचण पदार्थांपेक्षा घड्याळाची असते. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेर सात-दहाला. पहिली पंगत साडेसहाची असेल तर हिवाळ्यात ती निरुपयोगी आणि मेमध्ये जेमतेम पुरेल. सिंगापूरला सूर्यास्त वर्षभर सातच्या आगेमागे असतो, त्यामुळे तिथली साडेपाचची पंगत बाराही महिने चालते.

पंगत सूर्यास्तानंतरची असेल तर एजंटला दोन गोष्टी विचाराव्यात. बुफेतला जैन काउंटर संध्याकाळी किती वाजता उघडतो? आणि मुख्य रेस्टॉरंटमधून थाळी आधी मिळेल का? अशा घराला रोजचा वेटर एकच असण्याचा मोठा उपयोग होतो. पहिल्या रात्री नीट समजावून सांगितलं की तो दुसऱ्या दिवसाचा मेन्यू आदल्या रात्रीच दाखवतो आणि त्यातलं काय बदलून हवं ते स्वयंपाकघराला कळवतो. हव्या त्या वेळेच्या पर्यायात ‘बटाटाही नको’ हे रोज नव्या माणसाला सांगत बसावं लागतं. एकादशी-चतुर्थीचा उपवास असणाऱ्यांनाही हेच लागू. साबुदाण्याची आशा धरू नये; फळं, दूध, सुका मेवा मिळेल.

घरून डबा नेऊ म्हणाल तर बहुतेक कंपन्या घरी केलेले पदार्थ बोटीवर चढू देत नाहीत. दुकानातलं सीलबंद, न नासणारं पाकीट अनेक ठिकाणी चालतं. लाडू-चिवड्याचे डबे भरण्याआधी नियम वाचा.

सिंगापूरचं घड्याळ

पहिली पंगत कुटुंबांसाठी चांगली, असं सरधोपट सांगितलं जातं. मुंबईहून निघणाऱ्या बोटीला ते लागू पडतं. सिंगापूर मात्र आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले साडेपाच म्हणजे आपले दुपारचे तीन. दुपारचं जेवण नुकतंच झालेलं असताना सूप समोर आलं तर मुलं ताटात चिवडतात आणि बोटीवरच्या दहा वाजता, म्हणजे आपल्या साडेसातला, खरी भूक लागते. मग केबिनमध्ये ऑर्डर, आणि 845 रुपये. तिथली आठची दुसरी पंगत आपल्या पोटाला साडेपाचची वाटते, म्हणजे तीही लवकरचीच. सूर्यास्ताचं पथ्य नसेल तर तीन-चार रात्रींच्या सिंगापूर सहलीला दुसरी पंगत बरी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी हे अडीच तास डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावेत. अशा माणसाबरोबर जाताना ठरलेली वेळच घ्या. दारातली पाऊण तासाची रांग त्याला झेपणारी नाही.

कोणी काय घ्यावं?

मुंबई–गोवा, दोन-तीन रात्री : वेळ निवडायला मिळाली तर पहिली पंगत. वालचंदनगरहून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर प्रवास करून आलेलं कुटुंब पहिल्या रात्री नऊपर्यंत पेंगायला लागतं. गोव्याच्या दिवशी बोट मुरगावला लागते; फिरून दमून आलात तर बुफे आहेच. इतक्या छोट्या सहलीत खास रेस्टॉरंटवर खर्च करायची गरज नाही.

सिंगापूर, तीन-चार रात्री : सूर्यास्ताआधी जेवणारे असतील तर पहिली, नाहीतर दुसरी. पैशाचं रेस्टॉरंट हवंच असेल तर एकच रात्र, आधी ठरवून, आधी बुक करून.

आठ किंवा जास्त माणसं : ठरलेलीच वेळ. मोठी टेबलं मोजकी असतात आणि हव्या त्या वेळेच्या पर्यायात घराची दोन टेबलांवर फाटाफूट होते. वेगवेगळ्या केबिनची बुकिंग वेगवेगळी केली असतील तर ती एकमेकांना जोडायला सांगा, नाहीतर काका एका पंगतीत आणि पुतणे दुसऱ्या.

नवरा-बायको, मित्रमंडळी, किंवा दोन वर्षांच्या आतलं बाळ असलेलं जोडपं : हवी ती वेळ. बाळ कधी झोपेल हे कुठल्याच पंगतीला ठाऊक नसतं.

बुकिंगआधी एजंटला विचारायचे प्रश्न

1. दोन्ही पंगतींच्या नेमक्या वेळा काय, आणि आम्हाला कुठली मिळाली हे बुकिंगच्या कागदावर लिहून येईल का?
2. टिप भाड्यात आहे का? नसेल तर माणशी रोज किती, मुलांना किती, आणि रुपयांत आगाऊ भरता येते का?
3. जैन किंवा शाकाहारी जेवणाची नोंद कंपनीकडे झाल्याचा पुरावा काय? परदेशी बोटीसाठी ही नोंद निदान दीड महिना आधी करून घ्यावी.
4. सगळ्या केबिनना एकच टेबल मिळेल का?
5. वेळ नंतर बदलता येते का, आणि कोणाकडे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर सहसा ‘बोटीवर बघू’ असं मिळतं. ते खरंही असतं, पण बघायचं पहिल्या दुपारीच. चढल्याबरोबर सगळे बुफेकडे धावतात. घरातल्या एकाने त्याच वेळी मुख्य रेस्टॉरंटच्या प्रमुखाला गाठावं. टेबलांची अदलाबदल त्या दोन-तीन तासांत होते, रात्री पंगत बसल्यावर कोणी हलत नाही.

पंगतीचा पर्याय निवडायला पैसे लागत नाहीत. लागतात ते न विचारता निवडल्याचे. घरातलं सगळ्यात मोठं माणूस आणि सगळ्यात लहान पोर किती वाजता जेवतं, एवढं बघून वेळ ठरवा, टिपेचा आकडा भाड्यात मिळवा, आणि मगच एजंटला होकार द्या.