यार्देनेकाठची वेदी
(यहोशवा 22 : 10-34)

कनान देश इस्राएलांच्या हाती आल्यावर रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश हे आपल्या गिलाद प्रांती परत निघाले. वाटेत यार्देनेजवळ त्यांनी एक मोठी वेदी बांधिली. ही वार्ता कानी पडताच बाकीचे सर्व लोक त्यांजवर चालून जाण्याकरिता शिलो येथे जमले. वार्ता खोटी नव्हती. वेदी खरोखरच उभी होती. परंतु ती कशाकरिता, हे कोणी विचारिले नव्हते.

मग तरवारी उपसण्यापूर्वी त्यांनी एलाजार याजकाचा पुत्र फीनहास व त्याजबरोबर दहा सरदार यांस पलीकडे पाठविले. पौराच्या प्रकरणी ज्याने हाती भाला घेतला तोच हा फीनहास. अशा मनुष्यास स्वस्थ बसून ऐकून घेणे सोपे गेले नसेल. त्यांचे बोलणेही प्रश्नाने नव्हे, तर आरोपाने सुरू झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. तरी त्या कठोर बोलण्यात एक गोष्ट मोठी होती : तुमचा देश अशुद्ध असेल तर इकडे येऊन आमच्या वतनात वाटा घ्या, असेही त्यांनी म्हटले. दोष दाखविणाऱ्याने आपल्या जमिनीतून तुकडा देऊ करावा, हे आमच्या मंडळ्यांत क्वचितच दिसते.

उत्तर मिळाले ते अगदी निराळे. वेदी होमाकरिता नव्हतीच. नदीपलीकडच्यांचा परमेश्वराशी काय संबंध, असे पुढे तुमची मुले आमच्या मुलांस म्हणतील, या भीतीने ती साक्षीदाखल बांधिली होती. म्हणजे ज्यांस फितूर समजले, त्यांच्या मनात तुटून पडण्याचीच धास्ती होती! हे त्यांनी निघण्यापूर्वीच बोलून दाखविले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते.

आता आपल्याकडे पाहू. एका वाडीत एक कुटुंब तीन रविवार उपासनेस आले नाही. ते पुन्हा जुन्या देवांकडे वळले, असे पाणवठ्यावर बोलणे सुरू झाले. उपदेशकाने मंडळीपुढे नाव न काढिता, मत्तय 18 : 15 यात सांगितल्याप्रमाणे, एकट्याने त्यांचे घर गाठिले व विचारिले, "दादा, आमचे काही चुकले काय?" बराच वेळ कोणी बोलेना. मग घरच्या बाईने सांगितले की, रोज दळणातून मूठमूठ काढून आणिलेला आमचा जोंधळा किडका म्हणून मंडळीत हसण्यावारी नेला. उपदेशक ओट्यावर बसून ऐकत राहिला. हसणारे आपणच होतो, हे ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने तेथेच तिची क्षमा मागितली.