व्हॅनिलाचें दाट गार पेय : घरच्या दुधापासून करण्याची रीत

उन्हाळ्याच्या दिवसांत तालुक्याच्या गांवीं गेलें असतां थंड पेयांच्या दुकानांत ‘मिल्कशेक’ या नांवाचें दाट, गोड व सुगंधी पेय उंच पेल्यांतून मिळतें. त्यांत व्हॅनिलाच्या पेयावर मुलांची विशेष प्रीति असते. जें दूध आपण सकाळीं डेअरींत फॅट लावून घालतों, तेंच आपलीं मुलें दुपारीं दुकानांत कितीतरी अधिक पैसे मोजून पितात. पैशाची गोष्ट एक वेळ सोडून देऊं. परंतु तें कोणत्या पाण्याच्या बर्फाशीं व कोणत्या स्निग्धांशाशीं मिसळलें आहे, याची चौकशी कोणी करीत नाहीं. हें पेय घरीं उत्तम होतें. त्याची रीत या लेखांत कारणांसह देण्याचें योजिलें आहे.

मुख्य तत्त्व

पुष्कळ घरांतून दूध, साखर व बर्फाचे खडे मिक्सरमध्यें घालून फिरवितात. असें पेय दोन मिनिटें घट्ट वाटतें आणि मग पाणचट होतें, कारण बर्फ वितळला म्हणजे दुधांत पाणीच पडलें. याकरितां एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी : गारवा बर्फ घालून आणूं नये, दूधच गोठवून आणावा. अगोदर आइसक्रीम करावें आणि मग तें थोड्या थंड दुधांत घुसळावें, म्हणजे शेवटच्या घोटापर्यंत दाटपणा टिकतो.

दुधाची तयारी

कचेरींत कारकुनी केलेल्या मनुष्यास आंकड्यांवांचून चैन पडत नाहीं, म्हणून प्रथम हिशेब देतों. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणें नुसतें ‘आइसक्रीम’ म्हणून विकावयाच्या पदार्थांत दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के असला पाहिजे. म्हशीच्या दुधास ६ फॅट लागत असेल, तर १ लिटर दुधांत तो सुमारें ६० ग्रॅम आला. दूध मंद आंचेवर ढवळीत आटवून ७०० मिलिलिटरपर्यंत आणावें. त्यांत साखर १३० ग्रॅम व ताजी साय १०० ग्रॅम घालावी. सायींत ४० ग्रॅम स्निग्धांश धरला, तर एकंदर साडेनऊशें ग्रॅम मिश्रणांत तो १०० ग्रॅम, म्हणजे दहा टक्क्यांहून किंचित् अधिक झाला. गाईचें दूध असल्यास साय थोडी वाढवावी.

दाटपणाच्या लोभानें दूध बासुंदीसारखें फार आटवूं नये. दुधांत स्वभावतः जी शर्करा असते ती पाणी कमी झाल्यावर गारठ्यांत पुरती विरघळून राहत नाहीं. तिचे स्फटिक बनतात आणि आइसक्रीम जिभेला रेतीसारखें लागतें.

मिश्रण कोमट असतां चवीस थोडें जास्तच गोड लागलें पाहिजे, कारण थंडीनें जिभेस गोडी कमी कळते. गाळून, निववून, झांकून तें फ्रिजमध्यें चार तास किंवा रात्रभर ठेवावें. या अवधींत स्निग्धांश घट्ट होतो व पुढें घुसळतांना मिश्रण चांगलें फुगतें.

व्हॅनिला म्हणजे काय

ही मूळची मेक्सिकोकडील एका वेलीची शेंग होय. वेल आमरीच्या कुळांतील आहे. तिचें फूल एकच दिवस उमलतें, म्हणून मळ्यांत प्रत्येक फुलाचें परागसिंचन हातानें करावें लागतें. त्याची सोपी युक्ति १८४१ सालीं रियुनियन बेटांतील एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें शोधून काढली. शेंग पिकण्यास आठनऊ महिने लागतात, आणि पुढें ती वाफवून, घाम आणून, सुकवून सुवास उतरण्यास आणखी कित्येक महिने जातात. महागाईचें कारण हेंच.

१८७४ सालीं जर्मनींत या सुवासाचें मुख्य द्रव्य कृत्रिम रीतीनें तयार झालें. बाजारांतील स्वस्त इसेन्स त्याच जातीचा असतो. दक्षिणेंत सुपारीच्या बागांतून व्हॅनिलाची लागवड झाली. २००३ च्या सुमारास भाव आकाशास भिडले आणि दोन वर्षांत कोसळले. भाव पाहून वेल लावणारांनीं हा दाखला विसरूं नये.

शेंग मिळाल्यास उभी चिरून गरम दुधांत अर्धा तास ठेवावी. अर्क असल्यास वरील मापास एक चहाचा चमचा पुरतो. तो दूध निवाल्यावरच घालावा, नाहींतर सुवास वाफेबरोबर उडून जातो. कृत्रिम इसेन्स बाटलीवरील प्रमाणाप्रमाणें, थेंबांनींच घ्यावा. जास्त झाला तर कडवटपणा येतो.

गोठविण्याची कृति

हातानें फिरवावयाचें आइसक्रीमचें पॉट अद्याप कित्येक घरीं आहे. या यंत्राचें पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनीं १८४३ सालीं घेतलें. आंतील डबा दोनतृतीयांशच भरावा. भोंवतीं बारीक फोडलेला बर्फ पांच मापें व जाडें मीठ एक माप असे थर द्यावे. मिठानें बर्फ वितळूं लागतो आणि वितळण्यास लागणारी उष्णता डब्यांतील दुधांतून ओढून घेतो. त्यामुळें खारें पाणी शून्य अंशाच्या पुष्कळ खालीं जातें. दांडा वीस ते तीस मिनिटें अखंड फिरवावा. बाहेरच्या पिंपाचें भोंक मोकळें ठेवावें, म्हणजे खारें पाणी झांकणावर चढत नाहीं. उरलेलें खारें पाणी झाडाच्या बुडाशीं किंवा शेतांत ओतूं नये, जमीन बिघडते.

पॉट नसल्यास पसरट स्टीलचा डबा फ्रीजरमध्यें ठेवून दर पाऊण तासानें तीनचार वेळां काढावा व कडेचें गोठलेलें मिश्रण मोडून घोटावें. घोटण्याचा हेतु बर्फाचे कण बारीक ठेवणें हा आहे; कण मोठे झाले म्हणजे तोंडांत कचकच लागते.

पेय घुसळणें

पेला व मिक्सरचें भांडें अगोदर गार करावें. एका पेल्यास आइसक्रीमचे तीन मोठे गोळे आणि तापवून थंड केलेलें दूध अर्धी वाटी घ्यावें. वीस ते तीस सेकंदच फिरवावें. जास्त फिरविल्यास पात्यांच्या घर्षणानें आइसक्रीम वितळतें. पेय ओततांना चमच्यावरून सावकाश सरकलें म्हणजे बरोबर जमलें. लगेच द्यावें, कारण फेंस बसल्यावर मजा उरत नाहीं.

सावधगिरी

गोठल्यानें रोगजंतु मरतात ही समजूत चुकीची आहे. विषमज्वराचे जंतु व कावीळ आणणारे विषाणु बर्फांत जिवंत राहतात. मासे व माल थंड ठेवण्याचा बर्फ कोणत्याही पाण्याचा असूं शकतो. खाण्याचा बर्फ वेगळा ओळखतां यावा म्हणून महाराष्ट्रांत २०१८ सालीं अशा बर्फास निळसर रंग देण्याचा नियम झाला. वरील रीतींत बर्फ डब्याच्या बाहेरच राहतो, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र झांकण उघडण्यापूर्वीं तें स्वच्छ पुसावें आणि बर्फाचे हात दुधास लावूं नयेत. एकदां पूर्ण वितळलेलें आइसक्रीम पुन्हां गोठवून ठेवूं नये.

विकत आइसक्रीम आणून पेय करावयाचें असल्यास वेष्टन वाचावें. ‘फ्रोझन डेझर्ट’ असें लिहिलेलें असेल, तर त्यांत दुधाच्या स्निग्धांशाच्या जागीं वनस्पतितेल असतें. तें विष नव्हे. कायद्यानें विकतां येतें. पण ज्यांच्या दुधाचा दर फॅटवर ठरतो, त्यांनीं तरी पैसे कशाचे देतों हें जाणून द्यावे. येत्या सुटींत मुलें घरीं आलीं म्हणजे डेअरीला जाणाऱ्या दुधांतून एक लिटर मागें ठेवावें आणि पॉटचा दांडा त्यांच्याच हातीं द्यावा.