हिरवट आकाशाची किंमत

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलच्या जुन्या कार्डांचं वेड लागणं तसं नवलच. न्यू जर्सीत मुलाच्या निमित्ताने नाद लागला. मुलाचा सुटला, माझा राहिला. त्यातही मला खेळाडूंपेक्षा रंगांचं कौतुक जास्त. एकाच कार्डाच्या दोन प्रती शेजारी ठेवाव्यात, तर एकीतलं आकाश निळं आणि दुसरीतलं हिरवट. असं का होतं आणि त्याचे जादा पैसे मोजावेत का, याबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. एकटं कार्ड हातात घेऊन रंग ठरवू नका. डोळ्याला रंगाची आठवण राहत नाही. त्याच सिरीजमधलं एखादं साधं, स्वस्त कार्ड जवळ ठेवा आणि दोन्ही एकाच उजेडात, खिडकीपाशी बघा. ट्यूबलाइटखाली अर्धी कार्डं हिरवीच दिसतात.

२. सुरुवात टॉप्स कंपनीच्या १९६२च्या सेटपासून करा. लाकडी चौकटीसारखी किनार असलेली ही ५९८ कार्डं. त्यातल्या दुसऱ्या सिरीजची, म्हणजे ११० ते १९६ नंबरांची, कार्डं दोन तऱ्हेची मिळतात: नेहमीची आणि ‘ग्रीन टिंट’. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया. मॅजेंटा दबला की सायन आणि पिवळा मिळून सगळ्यावर हिरवी झाक येते. एवढंच असतं तर मी त्याला छापखान्यातला हलगर्जीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण यातल्या काही कार्डांवर फोटोच बदललाय. १२९ नंबरचा ली वॉल्स एका छपाईत एका बाजूला बघतो, दुसरीत दुसऱ्या. १७४वर कार्ल विली कधी टोपीत, कधी बोडका. १७६वरच्या एडी योस्टचा एका कार्डावर नुसता चेहरा, दुसऱ्यावर तो बॅट घेऊन उभा. शाई कमी-जास्त झाल्याने कुणाची टोपी उतरत नाही. त्यासाठी प्लेटच नवी करावी लागते. हे काम दुसऱ्या छापखान्यात झालं असावं, असं संग्राहक मानतात आणि मलाही ते पटतं.

जाता जाता: नामवंत खेळाडू मिकी मँटलचं कार्ड २०० नंबरचं, म्हणजे या सिरीजच्या बाहेरचं. त्याचं ‘ग्रीन टिंट’ कुणी दाखवलं, तर नमस्कार करून पुढे चला.

३. अक्षरांचा रंग ही त्यातल्या त्यात भरवशाची खूण. टॉप्सच्याच १९५८च्या सेटमध्ये पहिल्या सिरीजमधल्या काही कार्डांवर पांढऱ्याऐवजी पिवळी अक्षरं आहेत. हँक एरन (३०) आणि रोबर्टो क्लेमेंटे (५२) त्यातलेच. १९६९ला उलटा प्रकार: मँटलच्या ५०० नंबरच्या कार्डावर आडनाव एरवी पिवळं, क्वचित पांढरं; आणि पांढऱ्याला भाव कितीतरी जास्त. भाव आला की कारागीरही येतात. उन्हात ठेवून पिवळं उडवलं असेल, तर ते फक्त नावातून उडत नाही. चेहरा आणि गवतही फिकं पडतं. म्हणून नावाआधी गवत बघा.

४. उन्हाने रंग बदलतो, त्याला व्हेरिएशन, म्हणजे छपाईतलाच फरक, म्हणत नाहीत. आपल्याकडच्या सलूनच्या काचेवर लावलेले नटांचे फोटो काही वर्षांत निळे पडतात, तसंच हे. मॅजेंटा आणि पिवळा आधी जातात, सायन आणि काळा टिकतात. निळसर कार्ड महागात विकणाऱ्याच्या दुकानाची खिडकी कुठल्या दिशेला आहे, ते बघून घ्या.

५. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. इतका उपयोगी खर्च या छंदात दुसरा नाही. गालावर भिंग धरलं की चेहरा नाहीसा होतो आणि ठिपक्यांची जाळी दिसते. मॅजेंटा मुळातच कमी छापला असेल, तर लाल ठिपके बारीक किंवा विरळ दिसतात, पण शेजारचे पिवळे ठसठशीत असतात. ऊन लागलेल्या कार्डात लाल आणि पिवळे दोन्ही जागेवर असतात, पण मलूल. हा फरक एकदा दिसला की पुन्हा विसरत नाही. मग काळ्या अक्षरांकडे वळा. मूळ छपाईत ती सलग काळी असतात. ठिपक्यांनी बनलेली दिसली तर बहुधा कुणीतरी कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलंय.

६. पाठ बघायला विसरू नका. टॉप्सच्या १९५२च्या पहिल्या ८० कार्डांची पाठ लाल किंवा काळ्या छपाईची, १९५६च्या पहिल्या १८० कार्डांची करड्या किंवा पांढऱ्या पुठ्ठ्याची. १९०९-११च्या सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डांसाठी अतिनील दिवा वापरा. कागद चमकवणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. १९१०चं म्हणून विकलेलं कार्ड त्या दिव्याखाली निळंपांढरं झगमगलं, तर ते खाली ठेवा.

७. स्क्रीनवरच्या रंगावर सौदा करू नका. स्कॅनर रंग परस्पर ‘सुधारतो’. विकणाऱ्याला सांगा, त्याच सिरीजचं साधं कार्ड शेजारी ठेवून स्कॅन कर. एक जण यावर इतका चिडला, की त्याने उत्तर देणंच बंद केलं. तेच मला उत्तर वाटलं.

८. पैशांचं म्हणाल, तर फोटो किंवा अक्षरं बदललेल्या कार्डाला मी बिनदिक्कत जास्त मोजतो. नुसत्या हिरव्या झाकेला थोडेसेच, तेही ११० ते १९६ मध्ये. बाकी ‘दुर्मीळ छटा’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं मशीनवरच्या शाईचा रोजचा चढउतार आहे. त्याला साध्या कार्डाचाच भाव द्या.