कलम ५० की नियम ५०?

गेल्या सत्रातली गोष्ट. आमच्या विंगमधल्या एका दोस्ताची गाडी सात रस्त्याला अडवली गेली. नंबर ४१४१, पण असा रंगवलेला की वाचावं 'दादा'! दंड झाला. रूमवर येऊन पठ्ठ्या म्हणतो, "कायद्यात कुठं लिहिलंय? दाखवा!"

मग काय, मेसमध्ये वाद. एकाने ठासून सांगितलं, "मोटार वाहन अधिनियम, कलम ५०." उघडून पाहिलं तर ते कलम गाडीची मालकी बदलण्याचं निघालं! नंबर पाटीचा आहे तो 'नियम ५०', आणि तो दुसऱ्याच पुस्तकात. आपली सगळ्यांची गल्लत होते ती इथंच.

कायद्याची इमारत मजल्यांची असते. वरचा मजला अधिनियमाचा. तो संसद किंवा विधिमंडळ करतं; त्यात कलम, पोटकलम, खंड. त्याखाली नियम. ते अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करतं. यूजीसी, एआयसीटीईसारख्या संस्था करतात ते विनियम. आणि आपला लाडका जीआर म्हणजे शासन निर्णय, खात्याचा प्रशासकीय आदेश. खालच्या मजल्याला वरच्याच्या विरोधात जाता येत नाही.

मजल्यांमधला जिना म्हणजे 'विहित' हा शब्द. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ४१(६) म्हणतं, नोंदणी क्रमांक केंद्र सरकार विहित करील त्या पद्धतीने लावावा. म्हणजे पुढचं नियमांत शोधा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम ५० पाटी कशी असावी ते सांगतो, तर नियम ५१ अक्षरं-आकड्यांचं माप. 'दादा' तिथं बसत नाही!

आता पत्ता वाचू. '१९८८ चा ५९' म्हणजे त्या वर्षीचा एकोणसाठावा अधिनियम. '४१(६)' म्हणजे कलम ४१, पोटकलम ६. 'जी.एस.आर.' दिसलं की समजा, केंद्राच्या राजपत्रातली नियमांची अधिसूचना. पुढचा 'ई' म्हणजे असाधारण अंक.

अमेरिकेत केंद्राचे नियम पन्नास विषय-विभागांच्या एकाच संहितेत असतात आणि ती दरवर्षी अद्ययावत होते. आपल्याकडे असा एकच संच नाही. त्यामुळे नियम सापडला तरी नंतरच्या सुधारणा बघाव्याच लागतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी कंपनीकडूनच येते, हे जुन्या पुस्तकात कसं मिळणार?

हे सगळं नुसतं पाटीपुरतं नाही बरं का. रात्री सीनियर्सनी रूमवर बोलावून छळलेला फर्स्ट इयरचा पोरगा अर्जात "नियमानुसार कारवाई व्हावी" एवढंच लिहितो. त्याने असं लिहावं: "महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ च्या कलम ६ नुसार." या कलमाप्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची असते, आणि सकृद्दर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. टाळाटाळ केली तर कलम ७ आहेच!

दोस्ताने पाटी बदलली. पण परवा रेक्टर सर "नियम आहे" म्हणाले, तर गडी अदबीने विचारतो, "सर, कुठला?"