राज्याचा संसार व लोकसंख्येचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु अंथरूण आजचे पाहावयाचे की पाच वर्षांनंतरचे, हे म्हणीत सांगितलेले नाही. निपाणी भागातील तंबाखूच्या शेतकऱ्यास मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. पिकाचा पैसा हाती येतो तो वर्षातून एकदा. त्यातून खत, मजुरी व जुने देणे भागवून पुढे येणारे मुलीचे महाविद्यालय व वृद्ध आईचे औषधपाणीही ध्यानी धरावे लागते. घरातील माणसांची वये ठाऊक असल्याने कोणता खर्च केव्हा येणार, हे त्यास आधीच दिसते.

राज्याचा संसारही असाच आहे. कर्नाटकाने २००२ साली राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. असा कायदा करणारे भारतातील हे पहिले राज्य होय. राज्यात वर्षाकाठी शंभर रुपयांचे उत्पन्न होत असेल, तर तूट, म्हणजे बहुतांशी कर्जाने भागवावयाचा खर्च, तीन रुपयांच्या आत असावी व एकंदर देणी पंचवीस रुपयांपलीकडे जाऊ नयेत, अशी मर्यादा त्यात घातली गेली. शिवाय अर्थसंकल्पाबरोबर पुढील काही वर्षांचा आराखडा विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. २०२० साली महामारीने उत्पन्न आटले, तेव्हा त्या वर्षापुरती तिनाची मर्यादा पाच केली गेली. ते योग्यच झाले. आजारपणात कर्ज काढू नये, असे कोणता गृहस्थ म्हणेल?

आता माणसांकडे वळू. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ४२,१४,५०५ होती, ती २०११ साली ४७,७९,६६१ झाली. पण तिजोरी सांभाळणाऱ्यास नुसता आकडा पुरत नाही, वये पाहावी लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार कर्नाटकात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होतात; लोकसंख्या स्थिर राहण्यास सुमारे २.१ लागतात. म्हणजे पुढे वर्गांत मुले कमी व घरांत वृद्ध अधिक. मग शाळेचा पैसा वृद्धांकडे वळवावा, असे कोणास वाटेल. परंतु पटावरची मुले निम्मी झाली म्हणून शाळेचा खर्च निम्मा होत नाही. छप्पर तेवढेच लागते, शिक्षक लागतातच. आपल्या सीमाभागात तर एकाच गावी मराठी व कन्नड अशा दोन शाळा असतात, आणि पट रोडावला की प्रत्येकीस तो स्वतंत्रपणे जाणवतो. उलट निवृत्तिवेतन एकदा सुरू झाले की आयुष्यभर द्यावयाचे. १ एप्रिल २००६ पासून नोकरीस लागणाऱ्यांसाठी राज्याने अंशदायी योजना आणली. तरी त्याआधीच्या सेवकांचा भार तिजोरीवर अनेक वर्षे राहणारच.

केंद्राच्या करांतील वाटाही लोकसंख्येशी निगडित आहे. कुटुंब मर्यादित ठेवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून वित्त आयोग दीर्घकाळ १९७१ ची जनगणना धरीत. पंधराव्या आयोगाने २०११ ची धरली, व जन्मप्रमाण घटविणाऱ्या राज्यांसाठी १२.५ टक्के भार निराळा ठेवला. तरीही राज्यांना मिळणाऱ्या रकमेतील कर्नाटकाचा हिस्सा ४.७१३ वरून ३.६४७ टक्क्यांवर आला. राज्याचे दरडोई उत्पन्न वाढले, हेही त्याचे मोठे कारण होते.

२०२१ ची जनगणना लांबल्यामुळे दीर्घकाळ २०११ च्याच मोजणीवर अंदाज बांधावे लागले. २०२५ साली पाचवी-सहावीत बसलेली मुले त्या मोजणीत नाहीत. ती तेव्हा जन्मलीच नव्हती.