डी म्हणजे कुणाचा डी?

उमरग्यात सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, प्रश्नपत्रिका. फॉरमॅट मारून देणं हा जोडधंदा. त्यात हात पोळले, त्याचे हे बोल.

१. एफडिस्क सुरू होताच काय विचारतंय ते वाचा. मोठ्या डिस्कचा सपोर्ट हवा का, असं विंडोज ९८ मध्ये ते विचारायचं. मी न वाचताच 'एन' दाबला. फॅट-१६ मध्ये पार्टिशन २ जीबीच्या पुढं जात नाही, त्यामुळं ६.४ जीबीच्या डिस्कचे सी, डी, ई असे तीन तुकडे पडले. वर दोन केबीची चिठ्ठीसुद्धा ३२ केबी जागा अडवू लागली.

२. ड्राइव्हचं अक्षर म्हणजे सातबारा नव्हे. एक गिऱ्हाईक पिशवीतून हार्ड डिस्क घेऊन आलं, 'फॉरमॅट मारून द्या' म्हणालं. जंपर बदलून ती स्लेव्ह लावली, फ्लॉपीवरून बूट केलं. माझा हिशेब सरळ: आपले सी, डी, ई, म्हणजे पाहुणी एफ. डॉसचा हिशेब निराळा. तो आधी दोन्ही डिस्कांच्या प्रायमरीला अक्षरं देतो, लॉजिकलला मागून. पाहुणी डी झाली. आमचा डी ई-वर सरकला, ई एफ-वर. मी 'फॉरमॅट एफ' मारलं, 'वाय' दाबला आणि चहाला गेलो.

परत आलो तर पाहुणीतला डेटा जिथल्या तिथं, आमच्या पत्रिका साफ! ऐन लग्नसराई. लाल शाईनं दुरुस्त केलेली प्रुफं कचऱ्याच्या डब्यातून काढून, सरळ करून, रात्रभर पुन्हा टाइप केलं. एका पत्रिकेत मुलीची आत्या राहिली. तिचे बोल इथं लिहीत नाही.

३. पार्टिशनला लेबल द्या. लेबल असलं की फॉरमॅटआधी 'डीआयआर' मारताच ते दिसतं. मी 'पत्रिका' एवढं रोमनमध्ये देऊन ते आधी पाहिलं असतं, तर हात तिथंच थांबला असता.

४. सी-वरचं डी-वर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला, असं सांगणारे फार. विंडोज बिघडलं तर सी पुसून डी वाचतो, हे खरं. पण डिस्कच खटखट करायला लागली की दोन्ही जातात. १९९३ चा भूकंप पाहिलेल्या माणसाला हे समजायला हवं होतं: एकाच माळवदाखालच्या दोन खोल्या त्या. पुढं मी दर शनिवारी सीडी भरायचो आणि घरी, धान्याच्या कोठीवर ठेवायचो.