पुन्हा कधी येणार?

वाचन : योहान 19:25-27



काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधी मी युवक-युवतींना घेऊन एका वृद्धाश्रमात गेलो होतो. नाताळगीते झाली, केक वाटला, फोटो काढले. निघताना एका आजींनी माझा हात धरून विचारले, "फादर, पुन्हा कधी येणार?" मी म्हणालो, "लवकरच." गेलो तो थेट पुढच्या नाताळात. आजींच्या खाटेवर तेव्हा दुसरे कोणी होते. ते "लवकरच" मला आजही टोचते. म्हणून हा पाठ प्रथम माझ्यासाठी आहे.

एकांत आणि एकटेपणा

एकांत आपण स्वतः निवडतो. प्रभू येशूही प्रार्थनेसाठी एकांतात जात असे. एकटेपणा मात्र वाट्याला येतो, आणि तो भरलेल्या खोलीतही येतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे. कायदा छप्पर देऊ शकतो, जेवण देऊ शकतो. नावाने हाक मारणारे माणूस देऊ शकत नाही.

तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी 1923 साली 'मी आणि तू' या ग्रंथात दोन प्रकारची नाती सांगितली. समोरच्याला आपण 'तू' म्हणून भेटतो, नाहीतर वस्तूसारखे वागवतो. आमच्या त्या नाताळभेटीत आजी आमच्या दानधर्माची वस्तू झाल्या होत्या. त्यांचे नावही मी विचारले नव्हते.

क्रुसाखालचे नाते

क्रुसावरून येशूने आपली आई प्रिय शिष्याच्या हाती सोपवली. परंपरेनुसार हा शिष्य योहान, प्रेषितांमध्ये वयाने सर्वांत लहान. पण नीट वाचा : येशूने मरियेला मुलगा दिला आणि शिष्याला आईही दिली. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले. तरुणांची वृद्धसेवा इथेच समजून घ्यायची असते. आपण केवळ देणारे नाही, आपल्यालाही काही मिळायचे आहे.

1839 च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये संत जीन जुगान यांनी एका अंध, पंगू वृद्धेला घरी आणून आपली खाट दिली. त्यांच्या पहिल्या सोबतिणी विशीच्या आसपासच्या मुली होत्या. त्यातूनच वृद्धांची सेवा करणारा सिस्टरांचा संघ उभा राहिला. 2009 साली जीन यांना संतपद मिळाले.

आपल्या काळातले उदाहरण नेदरलँड्समधील डेव्हेंटर शहराचे. तेथील एका वृद्धाश्रमात काही विद्यार्थी भाडे न देता राहतात. अट एकच, महिन्याला 30 तास चांगला शेजारी म्हणून वृद्धांसोबत घालवायचे. एकत्र जेवायचे, गप्पा मारायच्या, संगणक शिकवायचा. पाहुणा येतो आणि जातो, शेजारी उद्याही दिसतो. फरक तेवढाच, पण मोठा आहे.

आपण काय करू शकतो?

1. तीस जणांनी एकदा जाण्यापेक्षा तिघांनी दर महिन्याला जावे. दिवस ठरलेला, आणि भेटायची व्यक्तीही तीच.

2. नाव विचारा. मग काहीतरी मागा : लग्नातली जुनी गाणी, फुगे करायची रीत, त्यांच्या लहानपणीची गोष्ट. ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही, त्याला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते.

3. तीच गोष्ट दहाव्यांदा सांगितली तरी ऐका. मोबाइल खिशात ठेवा. त्यांनी सांगितलेले घरगुती दुःख बाहेर बोलू नका.

4. जमणार नसेल तर आधी फोन करा. तुमचा एक रविवार चुकतो, त्यांचा महिना वाट पाहण्यात जातो.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली. पण जुलैची वाट कशाला पाहायची? पुढच्या रविवारी मिस्सानंतर युवक-युवतींनी मला भेटावे. मीही एका ठरलेल्या आजोबांकडे जाणार आहे.

कुटुंबात चर्चेसाठी

• आपल्या घरातील वृद्धांशी आपण शेवटचे निवांत कधी बोललो?

• आपल्या आळीत कोणाच्या दारावर आठवडाभर थाप पडलेली नाही?

• मी कोणाला "लवकरच येतो" म्हणून गेलोच नाही?

तुमचा धर्मगुरू